आखाडा एक, अंगं अनेक

आमच्या सावद्याकडे केळीला टेकू देतात तो झाड कुठं झुकलंय ते पाहून. वस्तादाचंही तसंच. बडोद्यात जुम्मादादांनी माणिकरावांना घडवलं. वस्ताद मुसलमान, शिष्य मराठी. नजर होती ती शरीराच्या घडणीवर. ब्रूस लीनंही विंग चुनला मुष्टियुद्ध, तलवारबाजीची जोड देऊन १९६७ साली आपल्या पद्धतीला ‘जीत कुने दो’ नाव दिलं.

सडपातळ पोराला पहिल्याच दिवशी कुस्तीत रगडलं तर तो आखाडाच सोडतो. आधी लाठी द्या, पाय हलके होऊ द्या. मग डाव शिकवा. कराटे शिकणाऱ्या मुलीला कुस्तीतली मनगटाची सोडवणूकही यावी. एकाच शैलीचा हट्ट धरला, तर शैली राहते, पोर जातं.