पायडल आणि पाय

सुरतेच्या लिंबायत भागात सकाळच्या पाळीच्या सुमारास यंत्रमागाच्या कारखान्यांकडे निघालेले सायकलस्वार दिसतात. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या वाटेने खानदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या कुटुंबांतील पुष्कळांचा चरितार्थ याच धंद्यावर चालत आला आहे. त्यांच्या सायकलीला रबरी ठोकळ्यांचे साधे पायडल असते आणि पायात चप्पल असते. उधना काय किंवा पांडेसरा काय, डबा अडकवून ती सायकल वेळेवर पोहोचते. परंतु याच वस्तीतील एखाद्या तरुणाने हलकी सायकल घेऊन लांब पल्ल्याच्या फेरीत, म्हणजे साडेतेरा तासांत 200 किलोमीटर तोडण्याच्या कसोटीत, उतरावयाचे मनात आणले, की त्याला पहिला उपदेश होतो तो पायडल बदलण्याचा. बुटासकट हा बदल दहा हजार रुपयांच्या पलीकडे सहज जातो. घरभाडे, किराणा आणि गावी पाठवावयाची रक्कम यांतून हे पैसे काढावयाचे, तेव्हा त्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

या पायडलांचे नाव मोठे फसवे आहे. त्यांना क्लिपलेस म्हणतात, आणि पाय तर त्यांतच पक्का अडकतो! पूर्वी शर्यतीचे स्वार चवडा लोखंडी क्लिपेत घालून वर चामडी पट्टा आवळीत असत. ती क्लिप गेली, म्हणून हे क्लिपलेस. बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकविण्याचे साधन करणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती 1984 साली सायकलीला लावली. बुटाच्या तळाशी क्लीट नावाचा तुकडा असतो. तो पायडलावर दाबला की खटकन बसतो आणि टाच बाहेर वळविली की सुटतो. 1985 साली बर्नार इनो याने हेच पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि पट्ट्यांचे युग मावळू लागले.

मग अशी समजूत रूढ झाली, की पाय अडकलेला असल्यामुळे स्वार पायडल खाली दाबतो तसा वरही ओढतो आणि वाया जाणारा अर्धा फेरा कामी येतो. ऐकावयास हे तर्कशुद्ध वाटते. पण मनुष्याचा पाय म्हणजे इंजिनाचा दट्ट्या नव्हे. खाली दाबण्याचे काम मांडीचे व नितंबाचे थोर स्नायू करतात. गुडघा वर उचलणारे स्नायू त्या मानाने दुबळे असून लवकर थकतात. शिवाय खाली जाणारा एक पाय वर येणाऱ्या दुसऱ्या पायाचे वजन आपोआप उचलीत असतो. 2007 साली थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंना मुद्दाम पायडल वर ओढावयास लावून मोजणी केली. क्रँकवरील जोराची विभागणी सुधारली खरी, पण तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा अधिक खर्ची पडली.

त्याहून बोलका प्रयोग कोलोरॅडो विद्यापीठातील अ‍ॅशर स्ट्रॉ आणि रॉजर क्राम यांचा आहे. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. धावण्याचे साधे बूट व सपाट पायडल, तेच बूट व क्लिप, आणि सायकलीचे खास बूट व क्लिपलेस पायडल, अशा तिन्ही प्रकारांत मध्यम वेगाने सायकल चालविणाऱ्यांचा प्राणवायूचा खर्च त्यांनी मोजला. लक्षणीय फरक आढळला नाही. 200 किलोमीटरची फेरी ही मध्यम वेगाचीच तपश्चर्या आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ हे साधन थोतांड आहे, असा नव्हे. क्राम यांच्याच सहभागाने झालेल्या 2020 सालच्या अभ्यासात, सर्व बळ एकवटून मारलेल्या अल्पकाळच्या धावेत कडक बूट व क्लिपलेस पायडल यांनी अधिक शक्ती मिळाल्याचे दिसले. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, किंवा पावसात ओल्या पायडलावरून पाय घसरू नये म्हणून, त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने, आणि 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत पुरी केली. अशा शर्यतींतील स्वार बहुधा क्लीटचे बूट वापरतात. ते पाहून नवख्याचा ग्रह होतो की बळ बुटातच आहे. त्यामागची कित्येक वर्षांची पहाटे उठून केलेली मेहनत त्याच्या दृष्टीस पडत नाही.

लिंबायतच्या तरुणाला आणखी एक अडचण आहे, ती रस्त्याची. रेल्वेखालच्या गरनाळ्यात रिक्षा, हातगाड्या आणि मोटारसायकली यांच्या दाटीत पाय दर मिनिटाला जमिनीवर टेकावा लागतो. पाय सोडवावयास क्षणभर उशीर झाला, की स्वार उभ्याउभ्याच आडवा होतो. क्लीट वाकडी बसली तर गुडघा दुखू लागतो तो निराळाच.

त्याने तूर्त खाचखळग्यांचे, बूट धरून ठेवणारे सपाट पायडल घ्यावेत. ते पुष्कळ स्वस्त मिळतात. सीटची उंची मात्र आजच नीट करावी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, हा जुना अदमास त्यासाठी पुरेसा आहे. साखळी पुसून तेल द्यावे, टायरांत योग्य हवा भरावी. उरलेल्या पैशांत चांगले टायर येतील आणि सापुताऱ्याच्या घाटापर्यंतचा दोन-तीन वेळचा खाण्यापिण्याचा खर्चही भागेल. घाट चार वेळा चढून झाल्यावर शर्यतीतच उतरावेसे वाटले, तर ते खटक्याचे पायडल दुकानात तेव्हाही असतीलच.