पाठीतले पाणी



मज्जासंस्थेच्या विकारांच्या तपासण्या हा विषय एका संध्याकाळी आटोपणारा नव्हे. तेव्हा मी त्यांतल्या एकीपाशीच रेंगाळणार आहे, कारण तिलाच आपल्याकडे घरोघर नकार मिळतो. ‘पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल’ असे डॉक्टर म्हणाले, की खाटेभोवतीची मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. मग कोणीतरी वडीलधारे पुढे होऊन सांगतात, ‘काय वाटेल ते करा, पण पाठीत सुई नको. माणूस जन्माचा लुळा होतो.’

हे पाणी आहे तरी काय? मेंदू आणि पृष्ठरज्जू यांच्याभोवती एक नितळ द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो सुमारे १५० मिलिलिटर भरतो आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. तपासणीला लागतात दोनतीन चमचे. ती तूट शरीर तासाभरात भरून काढते.

आता लुळेपणाची गोष्ट. मोठ्या माणसाचा पृष्ठरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीत. तेथे असतो तो सुट्या मज्जातंतूंचा झुबका. शरीरशास्त्रज्ञांनी त्याला अश्वपुच्छ असेच नाव दिले आहे. सुई लागली, तर पाण्यात तरंगणारे हे तंतू बहुधा बाजूला सरतात.

मग लोकांनी पाहिलेली लुळी माणसे खोटी काय? मुळीच नव्हेत. पण बहुतेकांना लुळे केले ते रोगाने, आणि नाव झाले सुईचे! क्षयाचा मेंदूज्वर हा मोठा कपटी आजार. आठवडा-दोन आठवडे नुसता बारीक ताप, डोकेदुखी, किरकिर. घरच्यांना ते साधेच वाटते. पुढे झापड येते, अंग लुळे पडते, दृष्टी जाते. सुईला होकार मिळतो तो मूल बेशुद्ध पडल्यावर. आणि त्यानंतर जे होते, त्याचा दोष सुईच्या माथी बसतो.

१८९१ साली जर्मनीतल्या कील येथे हाइनरिख क्विंके यांनी ही रीत रूढ केली, ती डोक्यात पाणी साचलेल्या मुलांच्या मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी. त्या पाण्यातली साखर आणि प्रथिनेही ते मोजत. आजही आपण तेच पाहतो. पू होणाऱ्या मेंदूज्वरात पाणी गढूळ येते. क्षयाच्या मेंदूज्वरात ते दिसायला बरेचदा नितळच. पण साखर घटलेली, प्रथिने वाढलेली, आणि नळी तशीच ठेवली तर कधीकधी आत कोळिष्टकासारखी बारीक जाळी धरते. आता क्षयजंतूंचा छडा दोन तासांत लावणारे सीबीनॅट यंत्रही आले आहे. तथापि त्याने ‘नाही’ म्हटले म्हणून क्षय नाहीच, असे ठरत नाही.

‘एम.आर.आय. काढला, मग सुई कशाला?’ असे पुष्कळजण विचारतात. चित्र बिघाडाची जागा दाखवते. जंतूचे नाव सहसा सांगत नाही. उलट, सुईच्या आधी चित्र लागते ते वेगळ्या कारणासाठी. डोक्यात गाठ असून दाब वाढला असेल, तर खालून पाणी काढल्याने मेंदूच खाली सरकून जिवावर बेतू शकते. खरा धोका हा आहे, आणि तो घरच्यांनी अवश्य विचारावा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर तेही आपणहून सांगावे.

राहता राहिली डोकेदुखी. ती काहींना होते, हे लपवण्यात अर्थ नाही. उठून बसले की वाढते, आडवे झाले की उतरते. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्याचा तो परिणाम. दिवसभर उताणे निजवून ठेवल्याने ती टळत नाही. बारीक, बोथट टोकाची सुई वापरल्याने मात्र कमी होते. बहुधा आठवडाभरात ती आपोआप थांबते. न थांबल्यास रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी टोचून गळती बुजवता येते.