किद्दुशचा प्याला आणि रोजचे औषध



मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी इस्राएलला आले आणि सारे आयुष्य रुग्णसेवेत घालविले. आज ज्या आजाराविषयी बोलावयाचे आहे, त्याचे नाव आपण घरातही हळू आवाजात घेतो : व्यसन.

प्रारंभी माझी चूक सांगते. ओळखीच्या एका तरुणाला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक अफूवर्गीय गोळ्यांचे व्यसन जडले. मेथाडोनच्या उपचाराने तो सावरला, कामावर जाऊ लागला. एका मलिद्याच्या प्रसंगी मी त्याला म्हणाले, "अजून ते औषध चालूच? एक व्यसन सोडून दुसरे धरलेस की काय?" घरच्यांचाही तोच सूर होता. त्याने डॉक्टरांना न विचारता औषध सोडले. काही महिन्यांनी तो पुन्हा जुन्या गोळ्यांकडे वळला. मधल्या काळात शरीराची सवय मोडली होती. पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरली. त्याच्या दफनविधीला मी मान खाली घालून उभी होते.

मी परिचारिका, मला कळावयास हवे होते. मेथाडोन किंवा जिभेखाली विरघळणारे ब्युप्रेनॉर्फिन योग्य मात्रेत नशा आणीत नाही. तळमळ शमविते आणि माणसाला संसारात परत आणते. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मधुमेही माणसाला आपण "इन्सुलिन कधी सोडणार?" असे विचारतो काय?

दारूच्या व्यसनावरही औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातील गोडी कमी होते. मात्र अफूवर्गीय औषध शरीरात असताना ते घेऊ नये. अकॅम्प्रोसेट दारू सोडलेल्याला सोडलेल्या स्थितीत टिकण्यास साहाय्य करते. डायसल्फिरॅम घेणाऱ्याने थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. म्हणून अशा माणसाला किद्दुशच्या वाइनचा "एकच घोट घे" असा आग्रह कधीही करू नका. द्राक्षांचा रस चालतो. आपले वाडवडील तर कोकणात भिजविलेल्या मनुकांच्या सरबतावरच किद्दुश म्हणत आले.

आणखी एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जाऊ शकतो. आधी कुपत खोलीमच्या डॉक्टरांना भेटावे.

जखमी माणसाला बरे करविण्याची आज्ञा तोरेत आहे. त्यावरूनच आपल्या ज्ञानी गुरूंनी वैद्याला उपचाराचा अधिकार दिला. तो अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या टोमण्यांनी हिरावला जाऊ नये.

यापुढे अशा घरी गेलात तर "कधी सोडणार?" असे विचारू नका. "आज औषध घेतलेस ना, बाळा?" एवढेच विचारा. मी हे त्या मुलाला विचारले नाही. तुम्ही विचारा.