नववीचं गणित पाचवीत अडकलेलं असतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्यातली वाक्ये बहुतेक तशीच ठेवली आहेत.)



मला विषय दिला होता 'मुलांचं करिअर'. मी म्हटलं, त्यातलं मला काही कळत नाही. मला एकच गोष्ट जवळून माहीत आहे. गणितात मागे पडलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल शाळा सुटल्यावर घरी कसं शिकवायचं, ते. त्यावर चालेल का? कमिटी म्हणाली, चालेल. म्हणून उभी आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडे पावणेदोन वर्षं राहिलेला उंच मुलगा पाहिलाय. तो माझ्या बहिणीचा मुलगा, साताऱ्याचा. आज बोलण्याआधी त्याला फोन करून विचारलं. "मावशी, नाव सोडून सगळं सांग," म्हणाला.

मी शिक्षिका नाही. एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. माझं गणित एवढंच. पण घरी शिकवायला तेवढं पुरतं, असं आता खात्रीनं सांगते.

झालं होतं असं. पोरगं नववीत गणितात गेलं. त्या वर्गात पुन्हा बसायचं म्हटल्यावर त्यानं शाळेत जाणंच सोडलं. गणिताच्या तासादिवशी पोटात दुखायचं, आणि खरंच दुखायचं, नाटक नव्हतं. सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा, आणि रात्री जेवणं झाल्यावर आई बीजगणिताचं पुस्तक घेऊन समोर बसायची. अर्ध्या तासात दोघंही रडायचे. जूनमध्ये मी बहिणीला म्हटलं, त्याला माझ्याकडे पाठव. सातारा-सांगली सव्वाशे किलोमीटर, रविवारी येत जा. मात्र आल्यावर गणिताचं नाव काढायचं नाही.

पहिला आठवडा पुस्तक उघडलंच नाही. रोज एका कागदावर पाच-सहा उदाहरणं द्यायची, आधी तिसरीची, मग चौथीची, मग पाचवीची, आणि कुठे थांबतोय ते बघायचं. बेरीज, वजाबाकी, दहापर्यंतचे पाढे झकास. मग एक भागाकार आला : ४०१६ भागिले ८. उत्तर लिहिलं ५२. मधलं शून्य गायब! तुम्ही करून बघा, ५०२ येतं. पुढे अर्धा अधिक एक तृतीयांश, त्याचं उत्तर दोन पंचमांश. वरची वरच्यात मिळवली, खालची खालच्यात. म्हणजे स्थानिक किंमत कच्ची आणि अपूर्णांक नाहीतच. आणि या मुलाला वर्षभर दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवत होते! आपली बिल्डिंग बांधताना तळमजल्याचा एक कॉलम राहून गेला असता, आणि बिल्डरनं पाचव्या मजल्याला प्लास्टर चालू ठेवलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं?

आणि हा एकटा नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं 'असर' नावाची पाहणी होते. २०२३ च्या पाहणीत त्यांनी देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमलं, सुमारे ४३ टक्क्यांना. त्याहून मला लागलेली गोष्ट दुसरीच. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तर लांबी सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू पुढे सरकवून ठेवली, तर फक्त ३९ टक्क्यांनी. म्हणजे शेवटचा आकडा वाचायची सवय आहे, आपण काय मोजतोय ते डोक्यात नाही.

त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. नववीत नापास झालेलं मूल नववीत अडकलेलं नसतं. ते पाचवीत कुठेतरी अडकलेलं असतं, आणि मागे जायची सोय ना शाळेत असते ना क्लासमध्ये. पन्नास मुलं पुढे निघालेली असताना एकासाठी मागे जाणार कोण? ते घरीच होऊ शकतं.

पण मागे जायचं म्हणजे त्याच्या हातात चौथीचं पुस्तक द्यायचं नाही. त्याला मिसरूड फुटलेली असते हो! बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मी तिथून पानं छापून घेतली, मुखपृष्ठ सोडून. इयत्ता कुठे दिसलीच नाही पाहिजे. आणि उदाहरणं मोठ्या माणसांची द्यायची. हळदीच्या सौद्यात दर निघाला क्विंटलला १४,४००. पोतं ५३ किलोचं. पोत्याचे किती? शंभरनं भागलं की किलोचा दर १४४. गुणिले ५३, झाले ७,६३२. त्यात दशांश चिन्ह आलं, भागाकार आला, गुणाकार आला, आणि कोणी म्हणणार नाही की हे लहान मुलांचं आहे.

भाषेची भानगड वेगळीच. तो सेमीचा मुलगा. घरी मराठी, गणित इंग्रजीत. 'डिनॉमिनेटर' म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, खालचा. 'छेद' शब्द ऐकलेला होता, पण दोन्ही एकच हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे मात्र त्याला पाठ! दीड किलोचे किती ते दुकानात तोंडी सांगायचा आणि कागदावर तीन छेद दोन दिसले की गप्प. आपल्या भाषेनं अपूर्णांकांना घरगुती नावं दिलीत. आपले आजी-आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायचे. ए विंगमधले आजोबा त्याला रोज संध्याकाळी गच्चीवर पाऊणकी शिकवायचे. त्यांचे आभार मी जाहीरपणे मानते. महिन्याभरात पोरगा 'सोळाचे पाऊण बारा' असं बोलायला लागला, आणि मग तीन छेद चार गुणिले सोळा मांडायला त्याला काही वाटेना.

मराठी आकड्यांचंही तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं, तरी थट्टाच जास्त झाली. माझं मत विचाराल तर आपली नावं जाऊ नयेत. पण अडचण खरी आहे. बहात्तर म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र सात आधी. मिरजेपलीकडच्या कानडी घरात 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक, बोलतील तसंच लिहायचं. बँकेत आमच्याकडे ही उलटापालट रोज व्हायची.

तेच मी शिकवायला वापरलं. संध्याकाळी कॅश जुळली नाही की आम्ही फरकाला नऊनं भागून बघायचो. भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. ७२ ऐवजी २७ लिहिलं, फरक ४५. ८१ ऐवजी १८, फरक ६३. नेहमी नऊच्या पाढ्यातला. तो म्हणाला, "हे का होतं?" सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं 'का' विचारलं होतं. मग मांडलं : दहा गुणिले पहिला अंक अधिक दुसरा अंक. त्यातून उलटी संख्या वजा करायची. पहिला अंक दहातून एक गेला, नऊ वेळा उरला. दुसरा एकातून दहा गेले, उणे नऊ वेळा उरला. म्हणजे नऊ गुणिले दोन अंकांतला फरक. त्या अंकांना त्यानं स्वतःच ए आणि बी नावं दिली. बीजगणित म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. तोवर एक्स म्हणजे परीक्षेत छळायला ठेवलेलं अक्षर होतं.

वजाबाकीचा सराव हवा होता, तो कापरेकरांनी करून घेतला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. २०१९ घेऊन बघा : ९०८१, ९६२१, ८३५२, आणि आलं ६१७४. पोरानं आपल्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर घेतले! हातच्याच्या एवढ्या वजाबाक्या मी सांगून त्यानं कधीच केल्या नसत्या.

मग आला पावसाळा. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाजवळची पातळी. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. कोयनेतून पाणी सुटतं साताऱ्याकडे, धास्ती आपल्याला. तो साताऱ्याचा असल्यानं मी गमतीनं म्हणायचे, तुमच्याकडचं पाणी आहे, हिशेब तूच ठेव. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. ८४.२० भरलं म्हणजे किती टक्के? ऐंशी. धोक्याची पातळी शून्य धरली, तर ३८ फूट म्हणजे उणे सात. २०१९ ला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे अधिक साडेबारा. ऋण संख्या मी शिकवल्याच नाहीत. आपल्या पार्किंगच्या खांबावर २०१९ ची खूण आहे ना, तीच त्याची संख्यारेषा.

एका सकाळी सहा वाजता पातळी ३४ धरली आणि दोन तासाला सहा इंच वाढ. इशारा कधी? त्यानं आलेख काढला. उद्या सकाळी सहाला ४०. मग मी म्हटलं, हे वाक्यात लिही. त्यानं लिहिलं : पातळी बरोबर ३४ अधिक पाव गुणिले तास. ज्या धड्यात तो नापास झाला होता, तोच हा धडा. दोन चलं, एक रेषा. मी सांगितल्यावर बराच वेळ कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, "एवढंच होतं?"

सगळं जमलं असं नाही. भूमितीची प्रमेयं शेवटपर्यंत त्याच्या गळी उतरली नाहीत. आम्ही काही सोडूनच दिली. वेळ रोज दोनदा चाळीस मिनिटं, त्यापुढे नाही. बहिणीला मी शिकवू दिलं नाही, याचा तिला राग आला होता. पण आईनं समजावलं की त्याला त्यात मार्कांची काळजी ऐकू यायची, मावशीची ऐकू येत नसे. घरात मावशी नसेल तर शेजारीण आहेच. तुमचा मुलगा तिच्याकडे, तिची मुलगी तुमच्याकडे.

आता कागदपत्रं. शाळा सुटली म्हणजे दहावी सुटली असं नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. आम्ही तेच केलं. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएस. तिथे पाच विषय निवडायचे असतात, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत सवडीनं परीक्षा देता येते. पण पुढे डिप्लोमा किंवा सायन्स डोक्यात असेल तर गणित सोडायच्या आधी चार ठिकाणी विचारा. आणि खूप प्रयत्न करूनही मुलाला आकडे लागतच नसतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या सवलती असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, चष्मा लावतो तसंच. शाळेत जाणारं मूल नुसतं गणितासाठी शाळेतून काढू नका, हेही सांगते. आमचा सुटलेलाच होता. शाळा चालू ठेवून संध्याकाळी हेच सगळं करता येतं.

एक विनंती सोसायटीला. तो आला तेव्हा सुरुवातीचे दोन महिने जिन्यानं चढायचा, चार मजले. लिफ्टमध्ये कोणी ना कोणी प्रेमानंच विचारायचं, "काय रे, आज शाळा नाही?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण अशी मुलं आज आपल्या तीन विंगांमध्येही आहेत, मला दोन तरी माहीत आहेत. त्यांना शाळेचं विचारू नका. पाण्याची पातळी विचारा, क्रिकेटचा रनरेट विचारा.

त्याला गणितात ४६ मार्क पडले. आता साताऱ्यात आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनला. परवा फोनवर मला वायरच्या जाडीचा आणि करंटचा हिशेब सांगत होता. मला निम्मा कळला नाही.

कमिटीनं या हॉलची चावी मला शनिवार-रविवारी संध्याकाळी पाच ते सहा द्यायचं कबूल केलंय. फी नाही. आठवी ते दहावीच्या मुलांना पाठवा, एक कोरी वही आणि पेन्सिल देऊन. प्रगतिपुस्तक घरीच ठेवा. आणि आजोबा, पाऊणकीसाठी तुम्हीही या.