कोष्टक फिरवितांना



पेणहून रोह्यास जाणाऱ्या आगगाड्यांचें वेळापत्रक आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. डाव्या बाजूस पेण, कासू, नागोठणें, रोहें अशीं स्थानकांचीं नांवें एकाखालीं एक, आणि वर ओळीनें गाड्यांचे क्रमांक. एक उभा रकाना वाचला कीं एका गाडीचा सारा प्रवास समजतो. परंतु नागोठण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूस त्या प्रवासाशीं काय कर्तव्य? आपल्या स्थानकावर आतां कोणती गाडी येणार, एवढेंच त्यास हवें असतें. म्हणून फलाटावरील फळ्यावर तोच मजकूर निराळ्या रीतीनें मांडावा लागतो. माहिती तीच, विचारणारा बदलला, म्हणून मांडणी बदलली. कोष्टक फिरविणें म्हणतात तें हेंच. संगणकाच्या साह्यानें तें कसें करावें आणि करतांना काय जपावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वेळापत्रक वाचण्यांत चूक झाली तर फार तर एक गाडी चुकेल. जमिनीच्या कागदांचें तसें नाहीं. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची थोडीबहुत जमीन अद्यापि पेण-रोह्याकडे आहे. त्यांना गांव नमुना सात आणि आठ-अ हे दोन उतारे परिचित असतील. सात हा जमिनीच्या तुकड्याचा उतारा. 'हा गट कोणाचा?' या प्रश्नाचें उत्तर तो देतो. बारामध्यें पिकांची नोंद असते, आणि दोन्ही मिळून सातबारा होतो. आठ-अ हा खातेदाराचा. 'या माणसाचे गट कोणते?' हें तो सांगतो. म्हणजे महसुली दप्तरांत एक कोष्टक फिरवूनच ठेवलेलें असतें. परंतु रस्त्यासाठीं किंवा प्रकल्पासाठीं जमिनी घेतल्या जातात, तेव्हां यादी गटवार निघते, आणि घरांतील वडील मंडळी विचारतात, "आपलें एकंदर किती गेलें?" तेथें यादी स्वतःलाच फिरवावी लागते.

या कामाची गुरुकिल्ली संगणकापेक्षां जुनी आहे. १९०१ सालच्या हिंदुस्थानच्या खानेसुमारींत मोठमोठीं बाडें चाळीत बसण्याऐवजीं एका माणसाची एक चिठ्ठी करण्यांत आली. चिठ्ठ्या धर्मावार, वयवार, धंदेवार अशा हव्या तशा खणांत टाकाव्या आणि मोजाव्या. एक वस्तुस्थिति, एक चिठ्ठी. एवढें साधलें कीं हवें तें कोष्टक त्यांतून उभें करतां येतें. आपणही तेंच करावयाचें. ज्या गटापुढें चार नांवें आहेत, त्याच्या चार ओळी कराव्या, आणि प्रत्येक ओळींत गट, खातेदार व क्षेत्र हे तीनच रकाने ठेवावे.

आतां हत्यारांकडे वळूं. आपण लिहिलेल्या आज्ञा संगणकास समजावून देणारा जो दुभाषी, त्यास शेल म्हणतात. आणि वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकत्र लिहून ठेवल्या म्हणजे ती शेल स्क्रिप्ट झाली. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स पद्धतीचा जन्म झाला. त्या परंपरेंतलीं हीं साधनें आहेत. 'कट' हवे ते रकाने कापून देतो, 'सॉर्ट' ओळी क्रमानें लावतो, 'पेस्ट' रकाने शेजारीं शेजारीं जोडतो. पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडावें, तसें एकाचें काम दुसऱ्याकडे वाहतें करतां येतें. सर्वांत उपयोगी तो 'ऑक'. एहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनीं १९७७ सालीं तो रचला, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास नांव मिळालें. ऑकपाशीं नांवें लावलेले हवे तितके खण असतात. तो एकेक ओळ वाचतो, खातेदाराच्या खणांत क्षेत्र मिळवीत जातो, आणि शेवटीं सारे खण उघडून दाखवितो. खणावर खातेदार आणि गांव अशीं दोन नांवें लिहिलीं, कीं आडवें खातेदार व उभें गांव असें पूर्ण कोष्टक तयार होतें.

येथें सावधगिरीच्या चार गोष्टी सांगतों. पहिली, रिकाम्या खणाची. ज्याची त्या गांवीं जमीन नाहीं, तेथें शून्य लिहावें. नाहीं तर पुढचे आंकडे डावीकडे सरकतात आणि एका गांवचें क्षेत्र दुसऱ्या गांवच्या नांवावर चढतें. दुसरी, टिंबाची. ४० आर ५० चौरस मीटर हें क्षेत्र ०.४०.५० असें लिहिलेलें असतें. ऑक दुसऱ्या टिंबापाशीं थांबून ०.४० एवढेंच घेतो. उरलेले ५० चौरस मीटर मुकाट्यानें गळतात. शहरांत एवढ्या जागेंत एक बिऱ्हाड राहतें! यासाठीं आधीं सर्वांचे चौरस मीटर करावे; वरील क्षेत्र ४०५० होईल. तिसरी, सामाईक क्षेत्राची. तिघां भावांचे सामाईक ३० आर तीन ओळींत लिहून बेरीज केली, तर ते ९० होतात. हिस्से ठाऊक असतील तर ते लिहावे. नसतील तर 'सामाईक' असा वेगळा खण ठेवावा. चौथी, नांवाची. 'विठ्ठल' आणि 'विठल' हीं यंत्रास दोन माणसें वाटतात.

या सर्वांस एकच औषध, तें म्हणजे ताळा. फिरविण्यापूर्वीं गटवार बेरीज घ्यावी, नंतर खातेवार घ्यावी. दोन्ही जुळल्याशिवाय कागद कोणासही दाखवूं नये. मूळ यादीच्याच नांवावर उत्तर लिहूं नये. कारण शेल प्रथम ती यादी पुसून मोकळी करतो आणि मग वाचावयास जातो.

मात्र ताळ्यासही न सांपडणारी एक चूक आहे. सातबारावर 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. कुळाचें नांव, कर्जाचा बोजा, कित्येकदां बहिणींची वारस म्हणून नोंद, हीं त्यांतच असतात. त्यांच्यापुढें क्षेत्र लिहिलेलें नसतें, म्हणून तो रकाना आपण कापून टाकला तरी बेरीज तंतोतंत जुळते, आणि बहीण मात्र कोष्टकांतून नाहींशी होते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत समान हक्क देणारी दुरुस्ती २००५ सालीं कायद्यांत झाली. ती आपल्या तक्त्यांत पोंचविणें आपल्याच हातीं आहे. म्हणून माझें सांगणें असें कीं, आंकड्यांचा ताळा पाहावा तसाच माणसांचाही पाहावा. मूळ कागदावर जितकीं नांवें होतीं, तितकीं फिरविलेल्या कागदावर आहेत ना, हें मोजावें. कचेरींत अधिकृत उताराच चालतो. परंतु घरांतील वाटणीचीं बोलणीं आपण केलेल्या टिपणावरच होतात, आणि त्यांत ज्याचें नांव नाहीं त्याची आठवण कोणी काढीत नाहीं.