मुलांचा आहार आणि शाळेतील संगणक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



प्राथमिक शाळांस संगणक भेट देण्याची योजना आपल्या मंडळाने हाती घेतली आहे, आणि त्या संगणकांवर मुलांनी काय शिकावे याविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. गणितासाठी व इंग्रजीसाठी बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी आहार हा विषय निवडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय बालकांपैकी शेकडा ६७ बालकांस रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यांतील कितीतरी बालके आज प्राथमिक वर्गांत बसली आहेत. दुसऱ्या बाजूस, सुस्थित घरांतून लठ्ठ मुलांची संख्या वाढत आहे. तेव्हा हा प्रश्न गरिबाघरचा आहे असे म्हणून आपणांपैकी कोणासही अंग काढून घेता येणार नाही.

आहाराचा पाठ आपल्या शाळांत नवा नाही. मूल ‘हिरव्या पालेभाज्या खाव्यात’ हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहिते आणि मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट फोडते. संगणक आला म्हणजे बहुधा एवढेच होते, की पुस्तकातील चित्रे पडद्यावर हलू लागतात; गाजर नाचते, टोमॅटो गाणे म्हणतो. मुलांची करमणूक होते याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु तेवढ्यासाठी इतके महागडे यंत्र कशास हवे?

संगणकाचा खरा गुण हिशेबात आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था (हिचे मूळ १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरीच्या संशोधनात आहे) आपल्या देशातील खाद्यपदार्थांचे पृथक्करण करीत आली आहे. २०१७ साली तिने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ पदार्थ आहेत. दर शंभर ग्रॅममागे प्रथिने किती, लोह किती, चुना म्हणजे कॅल्शियम किती, हे सारे त्यांत मिळते. हे जाडे पुस्तक चौथीच्या मुलाच्या हाती दिले तर ते भिऊन मिटून ठेवील. पण त्यातील आपल्या नित्याच्या वापरातील तीस-चाळीस पदार्थ निवडून शिक्षकांनी संगणकावर एक्सेलसारख्या तक्त्यात मांडून ठेवले, आणि मुलाने फक्त पदार्थ व वजन भरावे अशी सोय केली, तर त्रैराशिक यंत्र करील आणि प्रश्न विचारण्यास मूल मोकळे राहील.

एक उदाहरण देतो. आठ वर्षांच्या मुलास दिवसास सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून त्यातले सुमारे १८० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे चौथाईहून अधिक. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळातून पाच मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. कोकणातील आजीबाई जी नाचणी मुलांस आग्रहाने घालीत, आणि जी आपण मुंबई-पुण्यास आल्यावर गावंढळ म्हणून ताटातून उठविली, तिची योग्यता मुलास अशी स्वतःच्या हिशेबाने कळते. वडीलधाऱ्यांनी शंभर वेळा सांगितल्यापेक्षा स्वतः काढलेला एक आकडा मुलाच्या मनात अधिक टिकतो, हे मी शिकविताना नित्य पाहिले आहे.

दुसरे उदाहरण शाळेतल्याच भोजनाचे. प्रधानमंत्री पोषण योजनेनुसार प्राथमिक वर्गातील मुलास एका वेळच्या जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. मुलांनी हे आकडे तक्त्यात भरून पाहावेत. तांदळाच्या सुमारे ३५०, डाळीच्या ६५, तेलाच्या ४५. बेरीज ४५० च्या थोडी पुढे जाते. प्रथिने तांदळाची आठ आणि डाळीची चार, मिळून बारा. सरकारी नियमाचा ताळा आपल्यास करता येतो, हे नऊ वर्षांच्या मुलीला उमगले की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘गुरुजी, आज आमटीत डाळ खरोखर तेवढी होती का?’ हा प्रश्न काहींस अडचणीचा वाटेल. मला तो फार मोलाचा वाटतो.

साखरेचा हिशेब तर वेष्टनावरच छापलेला असतो. थंड गोड पेयांत दर शंभर मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते; पाव लिटरच्या बाटलीत पाच चहाचे चमचे भरले. मुलांनी ती साखर वर्गात वाटीत काढून पाहावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांस असे फलक लावण्यास सांगितले आहेच. पण फलकापेक्षा वाटी बरी.

येथे एक इशारा द्यावयास हवा. प्रत्येक मुलाने काल काय खाल्ले हे नावानिशी पडद्यावर लावण्याचा मोह शिक्षकांस होईल. तो कटाक्षाने टाळावा. डब्यावरून घरची स्थिती कळते, आणि आपल्या देशात डब्यावरून जातही ओळखली जाते. अंडे कोणाच्या डब्यात, मासळी कोणाच्या, शिळी भाकरी कोणाच्या, हे वर्गापुढे मांडले गेले तर पोषणाचा पाठ बाजूस राहून हिणविण्याचा पाठ सुरू होईल. आपण एका ज्ञातीचे म्हणून येथे जमलो आहोत, म्हणून हे मी विशेष आग्रहाने सांगतो. नोंद साऱ्या वर्गाची एकत्र असावी, आणि मुलाचे वजन तर कधीही पडद्यावर येऊ नये. यंत्रास सोवळेओवळे ठाऊक नसते. अंड्याची प्रथिने आणि हरभऱ्याची प्रथिने ते एकाच रकान्यात मिळविते. वर्गातही तसेच वातावरण राहावे.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. कोष्टकातील आकडे बहुतांशी कच्च्या पदार्थांचे असतात. शिजलेला भात तोलून तक्त्यात भरला तर पाण्याचाही हिशेब धान्यात होतो. म्हणून पीठ व डाळ चुलीवर चढण्यापूर्वी तोलावी. पालेभाजीतले लोह तक्ता सांगतो, पण त्यावर लिंबू पिळल्याने ते अंगी अधिक लागते आणि जेवणावर लगोलग चहा घेतल्याने कमी, हे तक्ता सांगत नाही; ते शिक्षकांनी सांगावे. आणि ज्या पडद्यावर हा धडा चालतो, त्याच पडद्यावर इंटरनेट जोडताच चॉकलेट-बिस्किटांच्या जाहिराती मुलांच्या मागे लागतात. सुदैवाने असल्या तक्त्यास इंटरनेटची गरजच नाही.

तेव्हा कार्यकारी मंडळास माझी विनंती अशी, की प्रत्येक संगणकाबरोबर स्वयंपाकघरातील एक छोटा तराजूही द्यावा. त्याची किंमत संगणकाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येईल. आणि शाळेत भोजन रांधणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांस पहिल्या पाठाच्या दिवशी वर्गात मानाने बोलवावे. मुठीने डाळ किती घेतात ते त्यांनी दाखवावे, मुलांनी ती मूठ तोलावी आणि मग संगणकापाशी बसावे. तक्ता तयार करण्याचे काम आपल्या सभासदांतील शिक्षक व तरुण संगणकज्ञ मिळून दोन रविवारांत पुरे करू शकतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे आपली नावे द्यावीत.