स्टॅच्यूचा खेळ आणि बुद्धीची मोजपट्टी



बक्षीस समारंभ नुकताच झाला आहे, त्यामुळे ‘हुशार’ हा शब्द या मांडवात अजून घुमतोय. हुशारी मोजायची पहिली उपयोगी मोजपट्टी ज्यांनी तयार केली, त्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाबद्दल आज बोलावं असं ठरवून आलो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मोजपट्टी बिने यांची घेतली गेली, पण तिच्यासोबत त्यांनी दिलेली ताकीद वाटेतच कुठेतरी गळाली.

बिने १८५७ साली नीस इथे जन्मले. पदवी कायद्याची, मानसशास्त्र मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून स्वतःच वाचलेलं. त्यांची सुरुवात फसलेली होती, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पॅरिसच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली संमोहनाचे प्रयोग करताना त्यांनी जाहीर केलं, की लोहचुंबक फिरवला की संमोहित रुग्णाची लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. बेल्जियमच्या देलबफ यांनी दाखवून दिलं, की ही करामत चुंबकाची नव्हती. प्रयोग करणाऱ्यांच्या अपेक्षा रुग्णांना कळत होत्या. बिने यांना चूक कबूल करावी लागली. पुढे त्यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजली, कारण मोठं डोकं म्हणजे मोठी बुद्धी हा त्या काळचा मान्य सिद्धांत. हुशार आणि मठ्ठ मुलांच्या डोक्यांत फरक निघाला तो नगण्य, आणि त्यातही मोजणाऱ्याचा ग्रह मापात उतरतो, अशी शंका त्यांना आली. मोजणारा हात आपलाच असला तरी त्याच्यावर नजर ठेवायची, हे ते अशा रीतीने शिकले.

१९०४ साली फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. शिक्षण सक्तीचं झालं होतं, वर्ग भरले होते, आणि काही मुलं मागे पडत होती. कोणाला वेगळी मदत लागेल, हे ठरवायचं कसं? शिक्षकांच्या मतावर सोडलं तर वर्गातलं वांड पोरही ‘मतिमंद’ म्हणून बाहेर काढलं जाईल, ही भीती बिने यांना होती. म्हणून थेओदोर सिमोन यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये चढत्या क्रमाने तीस कसोट्या मांडल्या. पेटती काडी हलवली की मूल नजरेने तिचा माग घेतं का? चॉकलेटचा तुकडा आणि तसाच लाकडाचा तुकडा यातलं खायचं कोणतं, हे ओळखतं का? अशी सुरुवात, आणि शेवटी दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगणं. पाठांतराला आणि सुंदर अक्षराला तिथे एकही गुण नव्हता.

निवडलेल्या मुलांचं पुढे काय करायचं, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. वर्गात साठ-ऐंशी मुलं कोंबण्याऐवजी पंधरा-वीस ठेवा, असं ते सांगत. आणि धड्यांच्या आधी मुलांना लक्ष द्यायला शिकवा. त्यासाठी एक कवायत होती: इशारा झाला की प्रत्येकाने आहे तसं निश्चल राहायचं. आपल्या अंगणातला ‘स्टॅच्यू’च तो! पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. रोजच्या सरावाने मुलं स्थिर राहू लागली आणि त्यांना त्याचा अभिमान वाटू लागला. बुद्धी ही ठरावीक मापाची, वाढवता न येणारी वस्तू आहे, या मताविरुद्ध बिने यांनी १९०९च्या पुस्तकात कडाडून लिहिलं. दोन वर्षांनी, चौपन्नाव्या वर्षी, ते गेले. १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्न यांनी कसोट्यांवरून ठरलेल्या ‘मानसिक वया’ला खऱ्या वयाने भागायची रीत सुचवली, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी ती उचलली, आणि मदतीसाठी काढलेल्या मापातून एक आकडा तयार झाला, जो माणसाच्या कपाळावर जन्मभरासाठी चिकटवता येऊ लागला.

यावर कोणी म्हणेल, जुळ्यांच्या अभ्यासांतून बुद्धीत आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसलाय, त्याचं काय? दिसलाय खरा. पण उंचीही आनुवंशिकच असते, आणि तरी पोटभर खायला मिळालं की पुढची पिढी आईवडिलांच्या डोक्यावरून बघते. जेम्स फ्लिन या संशोधकाने अनेक देशांतली आकडेवारी तपासली, तेव्हा विसाव्या शतकात चाचण्यांतले गुण दर दशकाला साधारण तीनने वाढल्याचं दिसलं. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. शाळा, घरं आणि जेवणाची ताटं बदलतात. हा वाद एका फटक्यात मिटत नाही, हे मान्य. सगळ्यांना सगळं जमेल, असं बिने यांनीही कधी म्हटलं नव्हतं. ते एवढंच विचारत, की अमुक पोराची मर्यादा अमुकच, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?

मग चाचण्या फेकूनच द्याव्यात, हे दुसरं टोक. तेही मला पटत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडला हीच मोजपट्टी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. ‘बिने-कामत’ चाचणी आजही वापरात आहे; तिच्या आधारावर एखाद्या मुलाला प्रमाणपत्र मिळतं, सवलत मिळते, योग्य शिक्षक मिळतो. पॅरिसच्या आयोगाने नेमकं हेच मागितलं होतं.

पडद्यामागे नाचाची मुलं रंग लावून केव्हाची ताटकळली आहेत, आणि तिकडे एक मावळा मघापासून ‘स्टॅच्यू’ होऊन उभा आहे. त्याला कोणीतरी आता ‘ओव्हर’ म्हणा.